पाठीवरचे ठिपके

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगायची वेळ आली नाही, कारण तिला त्यातलं निम्मं आधीच ठाऊक आहे. आईला सांगायची हिंमत झाली नाही. आणि ज्याला सांगायला हवं होतं — त्याच्यापर्यंत येतोच. मला हे एकदम बोलता येत नाही. जरा सांभाळून घ्या.

थेरगावात आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, मी एका माणसाला टामीनं मारलं हे तुम्हाला सांगतील. टामी म्हणजे रिमवरून टायर उचकटायची लोखंडी सळई. ती गोष्ट लपलेली नाही. उलट सांगताना लोक माझी बाजू घेतात. भाऊ गेला होता ना त्याचा, म्हणतात, माणसाचं डोकं फिरणारच. अजून टपरीवर मला उठून जागा देतात.

तेव्हा मारलं, ही माझी कबुली नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या आत आणखी एक आहे, आणि त्याच्याही आत आणखी एक. सर्वांत आतलं सर्वांत वाईट आहे, आणि त्यात रक्ताचा थेंबही नाही.

मी मूळचा परभणीकडचा. प्राणिशास्त्र शिकलो आणि पेस्ट कंट्रोलच्या कंपनीत लागलो. चाकणच्या कारखान्यांत आमची कामं असायची — कँटीन, गोदामं, गटारं, कूलर. लोकांना वाटतं, धूर सोडला की झालं. पण कुठला डास आहे हेच कळलं नाही तर औषध कुठं मारणार? गटारातला वेगळा, स्वच्छ पाण्यातला वेगळा. हे ओळखण्यात माझा हात धरणारा आमच्या कंपनीत कुणी नव्हता. गर्व होता मला. आता तो शब्द उच्चारायचीही लाज वाटते, पण होता.

दिवसा चावणारा, पायात पांढरी वळी असलेला काळा डास तुम्ही पाहिला असेल. त्याला सगळे सरसकट डेंग्यूचा डास म्हणतात. पण त्यात जाती आहेत. एडिस इजिप्ती आणि एडिस व्हिटाटस या दोघी तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. एकाच टायरात, एकाच टाकीत दोघींच्या अळ्या शेजारी शेजारी वळवळत असतात. नुसत्या डोळ्यांनी फरक कळणार नाही. भिंग घ्यायचं आणि पाठ बघायची. इजिप्तीच्या पाठीवर पांढऱ्या रेघा असतात, कडेच्या दोन कोयत्यासारख्या वळलेल्या आणि मधल्या सरळ. व्हिटाटसच्या पाठीवर रेघा नाहीत, ठिपके आहेत. बारीक, पांढरे, जोडीजोडीनं. आपल्या भागात डेंग्यू घरोघर नेते ती रेघांची. ठिपक्यांची चावते, कडकडून चावते, पण तो दोष आपल्याकडे सहसा तिच्यावर येत नाही.

रेघा आणि ठिपके. एवढाच फरक. हे नीट लक्षात ठेवा, कारण मी ते कधीही विसरलो नव्हतो.

नवीन पोरांना हा फरक शिकवायला मला जिवंत डास लागायचे. मेलेल्या डासाचे खवले झडतात, पाठ पुसली जाते. म्हणून मी घरी, गॅलरीत, दोन बादल्या ठेवल्या होत्या. एकीत रेघांच्या अळ्या, चाकणच्या एका कारखान्यातल्या कूलरमधून आणलेल्या. दुसरीत ठिपक्यांच्या. बादल्यांवर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधलेलं. कापडाला हात घालण्यापुरतं भोक, आणि भोकात कापसाचा बोळा. अळ्यांचे कोश व्हायचे, कोशातून डास निघायचे, मी ते काचेच्या नळीत ओढून घ्यायचो. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. जो माणूस दारोदार सांगतो की पाणी साठवू नका, त्याच्याच घरात हे! कंपनीलाही माहीत नव्हतं. माझी बायको सुनीता म्हणायची, अहो, घरात हे नको. मी हसायचो. तुला काय कळतं, म्हणायचो.

ठिपक्यांच्या अळ्या मला गल्लीच्या तोंडाशीच मिळायच्या, नजीरभाईंकडे. नजीरभाईंचं जुन्या टायरांचं दुकान होतं. ते अंबाजोगाईकडचे, म्हणून आमचं बोलणं जमायचं. दुकानामागे एक जुनी दगडी डोणी पडलेली होती, पूर्वी कधी तरी गुरांना पाणी पाजायची. ठिपक्यांच्या डासाला दगडातलं पाणी फार आवडतं. देहूरोडकडच्या उघड्या कातळांवर खळग्यांत साचलेल्या पाण्यात मी तो पहिल्यांदा पाहिला होता, आणि मग या डोणीत. त्या डोणीत आणि शेजारच्या टायरांत मला वर्षानुवर्षं तोच सापडत आला. मी चहाची गाळणी घेऊन गेलो की नजीरभाई म्हणायचे, "या भाऊ, तुमचे लेकरं मोठे व्हायलेत बघा."

माणूस काही संत नव्हता. टायर रस्त्यावर रचायचा, कुणी बोललं तर शिव्या द्यायचा. झाकायला सांगितलेलं प्लॅस्टिक त्यानं कधी झाकलं नाही. पण माझ्या आईला गावाकडची ज्वारी लागते म्हणून स्वतःच्या पोत्यातून काढून आणून द्यायचा.

आता महेश. माझा धाकटा भाऊ. चाकणला वेल्डिंगला होता, रात्रपाळी करायचा. सकाळी यायचा, अंघोळ करायचा आणि गॅलरीत सतरंजी टाकून झोपायचा. आत आई टीव्ही लावते, झोप लागत नाही, म्हणायचा. उघड्या अंगानं, तोंडावर पंचा घेऊन, त्या दोन बादल्यांच्या शेजारी. आणि रेघांचा डास दिवसा चावतो — हे मी पोटापाण्यासाठी लोकांना शिकवत होतो!

त्या पावसाळ्यात गल्लीत ताप होताच. दोन-तीन घरांत डेंग्यू निघाला होता. मग महेशला आला. मी त्याला दवाखान्यात घातलं आणि त्याचे कपडे न्यायला घरी आलो. गॅलरीत गेलो. रेघांच्या बादलीच्या कापडातला बोळा खाली फरशीवर पडलेला होता. भोक उघडं. बादलीत कोशांची रिकामी सालं तरंगत होती, आणि कापडाखाली डास नावापुरते उरले होते. शेवटचा हात त्यात मीच घातला होता, आणि बोळा परत लावायला मीच विसरलो होतो. किती दिवस उघडं होतं? मला माहीत नाही.

सुनीता दारात उभी होती. ती म्हणाली, "बादलीतलेच ना?"

मी तिला मारलं. विचार करून नाही, पण चुकूनही नाही. पूर्ण हातानं, कानाखाली. ती दाराच्या चौकटीवर आपटली, ओठ फुटला. ती खाली बसली आणि मी तिच्यावर वाकून म्हणालो, परत हा शब्द तोंडातून काढलास तर याद राख. लग्नानंतर मी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. तिनं पदरानं ओठ दाबून धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून आजपर्यंत तिनं तो शब्द काढलेला नाही.

मग मी पाणी उकळलं आणि दोन्ही बादल्यांत ओतलं. अळ्या क्षणभर तडफडल्या आणि पांढऱ्या पडल्या. भिंतीवर बसलेले डास मी चपलेनं मारले, एकेक करून. काहींच्या पोटात रक्त होतं. भिंतीवर लाल शिंतोडे उडाले. कुणाचं रक्त होतं ते? आमच्याच घरातल्या कुणाचं तरी. मी भिंत फडक्यानं पुसली.

आणि तरी माझं मन पळवाट शोधत होतं. नजीरभाईंच्या डोणीत आता रेघांच्याही निघाल्या असतील तर? निघू शकतात की. दोघी एकाच पाण्यात राहतात. मी गाळणी घेऊन गेलो, डोणीतून आणि टायरांतून अळ्या घेतल्या, बाटल्यांत भरून कंपनीच्या स्टोअरमध्ये ठेवल्या. देवाला हात जोडले — हो, डासासाठी! म्हटलं, रेघा निघू देत. थोड्या तरी निघू देत, म्हणजे मला श्वास घेता येईल.

ठिपके निघाले. बाटलीमागून बाटली मी भिंगाखाली धरली. ठिपके, फक्त ठिपके. एकाही पाठीवर रेघ नव्हती.

त्यावरून कोर्टात काही सिद्ध होत नाही, मला माहीत आहे. महेशला नेमका कुठला डास चावला हे जगात कुणीही सांगू शकत नाही. गल्लीत आणखी कुठं रेघांचे असतीलच. पण नजीरभाईंकडचे ते नव्हते. हे मला पक्कं ठाऊक झालं तेव्हा महेश जिवंत होता.

त्याचा ताप उतरला तेव्हा आम्ही हसलो. आईनं साखर वाटली. पण हा आजार ताप उतरताना उलटतो. हातपाय गार पडले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग नाकातून. तो मला म्हणाला, "दादा, पोटात कुणीतरी पिळायलंय." नंतर उलटी झाली, काळी. मी त्याचं तोंड धुतलं. त्याच्या हातावर रक्तदाब मोजायला जिथं पट्टा आवळला होता तिथं कातडीखाली रक्ताचे ठिपके उमटले होते, लाल, मोहरीएवढे. मी ते बघत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. सव्वीस वर्षांचा होता. साखरपुडा झालेला होता.

अग्नी देऊन आम्ही परत आलो तेव्हा गल्लीत गर्दी होती. महेशच्या कारखान्यातली पोरं, शेजारी, काही माझ्या ओळखीचेही नव्हते. आई ओट्यावर बसून छाती पिटत होती. तिनं मला बघितलं आणि ओरडली, "तू तर डासाचं शिकलास ना रे? सांग ना, कुठून आला मेला, माझ्या लेकराला खायला?"

सगळे माझ्याकडे वळले. वर गॅलरीत सुनीता उभी होती. तीही बघत होती.

किती वेळ गेला? दोन श्वास असतील. तेवढ्यात मी काय काय विचार केला ते सांगतो, कारण लोक म्हणतात माझं डोकं फिरलं होतं. नव्हतं फिरलं. मी विचार केला की वर बोट केलं तर ही बाई, माझी आई, मला पुन्हा कधी मुलगा म्हणणार नाही. मी विचार केला की आणखी कुणाचं घर दाखवलं तर लोक विचारतील, कशावरून? पुरावा काय? आणि मी विचार केला की नजीरभाईंचं दुकान दाखवलं तर कुणी काही विचारणार नाही. त्या गर्दीतल्या काहींना महेशचं नावही धड माहीत नव्हतं. नजीरभाईंचं नाव मात्र सगळ्यांना माहीत होतं, आणि तेवढं पुरणार होतं. हे मला कळत होतं. कळून मी बोट केलं.

"त्या टायरांतून," मी म्हणालो.

आणि मग, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून, पुढे मीच चालू लागलो.

नजीरभाई दुकान बंद करत होते. महेशसाठीच बंद करत होते, शटरवर हात होता. मला बघून ते पुढे आले, दोन्ही हात पसरून. मला वाटतं मिठी मारायला. मी खाली पडलेली टामी उचलली. त्यांनी उजवा हात वर केला आणि मी त्या हातावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो, कडकन नाही. ते ओरडले नाहीत. "भाऊ," एवढंच म्हणाले. मग मी तोंडावर मारलं. त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर महेश नव्हता, खोटं कशाला बोलू? माझ्यासमोर ते तोंड होतं, जे एक दिवस विचारेल की भाऊ, माझ्याकडचे तर ठिपक्यांचे होते ना, तुम्हीच सांगायचात. ते तोंड मला बंद करायचं होतं.

नंतर गर्दी आत शिरली. मला बाजूला ढकलून दिलं. कुणी लाथा घालत होतं, कुणी रिम उचलून त्यांच्या अंगावर टाकला. कुणी तरी त्यांना केसांना धरून टायरांवर आपटत होतं आणि प्रत्येक आपटीला एक शिवी देत होतं, त्यांच्या धर्माची. त्यांची बायको शमीमभाभी मागच्या खोलीतून धावत आली, नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली, तिच्या पाठीतही लाथा बसल्या. मग टायर पेटवले. तो धूर तुम्ही पाहिला आहे का? काळा, जाड, घशात तेलासारखा बसणारा. डांगे चौकापर्यंत दिसला म्हणे. मी समोरच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि दोन पोरं माझे खांदे दाबून म्हणत होती, बस झालं दादा, शांत व्हा, आम्ही आहोत.

पोलीस आले. नजीरभाई वाचले. डावा डोळा गेला, उजवा हात मनगटातून कायमचा वाकडा झाला.

आता आतलं सांगतो. इथवर तुम्हीही कदाचित टपरीवरच्या लोकांसारखं म्हटलं असतं, दुःखात होता. म्हणून हे ऐका.

काही दिवसांनी मी त्यांना बघायला सरकारी दवाखान्यात गेलो. पश्चात्ताप म्हणून नाही. त्यांनी पोलिसांना माझं नाव सांगितलं का, ते बघायला गेलो. शमीमभाभी मला बघून उभी राहिली, भिंतीला चिकटली. नजीरभाईंनी तिला चहा आणायला पाठवलं. तोंड अर्धं सुजलेलं, शब्द नीट फुटत नव्हते. मला म्हणाले, "बसा भाऊ."

मी बसलो.

म्हणाले, "एक इचारतो. खरं सांगा. तुमी तर भिंगातून बघता. ते माझ्याकडचेच व्हते का?"

त्या वेळी तिथं गर्दी नव्हती. आई नव्हती. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, त्या एका डोळ्याशिवाय. मला राग नव्हता, रडू नव्हतं, डोकं अगदी शांत होतं. खिडकीतून ऊन येत होतं. आणि मला स्पष्ट दिसलं की हा माणूस तक्रार करायची की नाही हे माझ्या उत्तरावर ठरवणार आहे. मी होकारार्थी मान हलवली.

"पण डोणीत तर दुसरे व्हते ना?" ते म्हणाले. "तुमीच म्हणायचा, हे गरीब हायेत."

"या वर्षी ते आले होते," मी म्हणालो. "रेघांचे. मी स्वतः तपासले. तुमच्याकडचेच, नजीरभाई."

मग त्यांचा तो एक डोळा भरून आला, आणि बँडेज बांधलेला हात त्यांनी उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"मंग मारलं ते बरं केलं, भाऊ," ते म्हणाले. "माझ्या हातानं तुमचं लेकरू गेलं."

त्यांनी पोलिसांना सांगितलं की गर्दीत तोंडं ओळखू आली नाहीत. शमीमभाभीलाही तेच सांगायला लावलं. दुकान सोडून ते गावी गेले.

झालं. हे आहे. टामी नाही, हे. एका माणसाचा हात मोडून, डोळा फोडून, त्याचं दुकान जाळून झाल्यावर मी त्याच्या डोक्यावर माझ्या भावाचं मरण ठेवून आलो. आणि त्यानं ते घेतलं, आणि वर माझी माफी मागितली.

दरवर्षी महेशच्या दिवसाला त्यांचा फोन येतो, आईच्या मोबाइलवर. पहिल्या वर्षी आईनं त्यांना तळतळाट दिले, तुझं वाटोळं होईल म्हणाली. त्यांनी ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी तिनं नुसताच फोन कापला. तरी ते करत राहिले. या वर्षी आम्ही जेवायला बसलो होतो तेव्हा फोन आला. आईनं बराच वेळ कानाला लावून ठेवला. पलीकडून रडण्याचा आवाज येत होता, ताटावर बसून मला ऐकू येत होता. मग आई म्हणाली, "जाऊ दे, बाबा. मुद्दाम थोडंच केलंस? मी माफ केलं तुला. आता रडू नको."

सुनीता ताट तसंच टाकून आत गेली.

आईनं फोन माझ्यापुढे धरला. "बोल की दोन शब्द," म्हणाली. मी घेतला. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, आता. आत्ता बोलायचं. मी तोंड उघडलं.

"तिकडं पाऊस कसा आहे, नजीरभाई?" मी विचारलं.

"हाय भाऊ," ते म्हणाले. "औंदा चांगला हाय."

मी फोन ठेवला. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मोठ्या मनाचा आहेस रे," ती म्हणाली, "बोललास त्याच्याशी." मी पानातला भात संपवला, उठलो, हात धुतले.